मागच्या सीटवरचं वजन

हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूममध्ये इतकी वर्षं काढल्यावर सिस्टरला कशाची किळस अशी वाटेनाशी झाली होती. चिघळलेल्या जखमा, मांसाला चिकटून बसलेल्या पट्ट्या, शुगरच्या पेशंटांची काळी पडलेली बोटं, हे सगळं ती चिमट्याने सोडवत असायची आणि तोंडाने शेजारच्या सिस्टरशी पडद्याच्या कापडाबद्दल बोलत असायची. नवीन मुली तोंड फिरवायच्या तेव्हा ती त्यांना म्हणायची, "जखमेकडे नको, माणसाच्या चेहऱ्याकडे बघ. मग काही वाटत नाही."

अशा बाईला घरच्या माणसाची शिसारी आली.

नवरा बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. माणूस तसा सरळ. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, पगार वेळच्या वेळी घरात. गाडी घेतली आणि कुठे तरी बिनसलं. शोरूममधल्या पोराने सांगितलं, लिटरला अठरा देते. हा म्हणाला, "बावीस काढून दाखवतो." त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये त्याचं नाव 'ॲव्हरेज' पडलं, आणि त्याला त्याचा रागही येईना. उलट बरं वाटायचं.

पैसे वाचवायची गोष्ट असती तर सिस्टरने समजून घेतलं असतं. पण हा पेट्रोलवर वाचवायचा आणि ते वाचलेलं टायरमध्ये खास हवा भरण्यावर, महागड्या ऑइलवर उधळून यायचा. त्याला हवा होता तो आकडा. स्टिअरिंगमागच्या काचेत हिरव्या अक्षरांत उमटणारा. सिग्नलला तो इंजिन बंद करायचा. उतारावरही बंद करायचा, आणि ब्रेक दगडासारखा घट्ट झाला की दोन्ही पायांनी दाबायचा. एसी लावायचा नाही, कारण इंजिनवर लोड येतो. काचा उघडायच्या नाहीत, कारण वारा अडतो. स्टेपनी त्याने काढून बाल्कनीत ठेवली, तिच्यावर आता कपड्यांची बादली असायची. पायाखालची मॅटसुद्धा काढली. टाकी कधी भरायचा नाही. म्हणायचा, "पेट्रोललाही वजन असतं. उगाच गावभर कशाला मिरवायचं?"

सुरुवातीला ती हसायची. माहेरी फोनवर नकला करून दाखवायची. मग एकदा लग्नाला निघताना त्याने तिची बॅग हाताने तोलून पाहिली आणि आतली दुसरी चप्पल काढून ठेवली. त्या दिवशी ती हसली नाही. पुढे पुढे तो गाडीत बसला की तिला त्याची मान दिसायची, घामाने चिकट झालेली, आणि त्या आकड्याकडे पुन्हा पुन्हा वळणारी. नवरा काही तरी घाणेरडं बघत बसलाय आणि आपण शेजारी बसून त्याला साथ देतोय, असं तिला वाटायचं.

त्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आई भावाकडे होती. भावाच्या बायकोचे दिवस भरत आले होते, तेव्हा पुढचे काही महिने आईने लेकीकडे राहावं असं ठरलं. तिला आणायला दोघं गाडी घेऊन गेले.

निघताना आईला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. जावई बाजूला उभा राहून बघत होता. गाडीचं मागचं चाक किती खाली बसलं, ते त्याने वाकून पाहिलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "आई, तुमचं वजन आता किती भरतं हो?"

आईला वाटलं, तब्येतीची चौकशी करतोय. ती कौतुकाने म्हणाली, "कमी झालंय हो बरंच. जेवणच जात नव्हतं ना."

"वा," तो म्हणाला.

सिस्टरने दार आपटून लावलं.

दुपारची वेळ, डोक्यावर रणरणतं ऊन, काचा बंद. गाडीत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. हमरस्त्याला लागल्यावर नवऱ्याने एक ट्रक हेरला. मोठ्या गाडीच्या पाठीला चिकटून गेलं की वारा ती कापते आणि आपलं इंजिन आरामात चालतं, हा त्याचा लाडका शोध होता. त्या ट्रकमध्ये कत्तलखान्यातली ताजी कातडी होती, ताडपत्रीखाली गच्च रचलेली. फळ्यांच्या फटीतून तांबूस पाणी गळत होतं आणि वाऱ्याने उडून यांच्या पुढच्या काचेवर येत होतं. वास बंद काचांमधूनही आत शिरला. गोडसर, कुजका, घशात जाऊन बसणारा.

"अहो, पुढे काढा ना त्याला."

"अगं, आकडा बघ. तेवीसला चाललाय."

"आईला त्रास होतोय."

"थोडी कळ काढा. पुढे चढ आहे, तिथे हा तसाही सुटेलच."

आईने ओठ गच्च मिटले होते आणि कपाळावर घाम साचला होता. सिस्टरने मागे हात लांबवून तिचा हात धरला. तो गार होता.

"गाडी थांबवा," ती म्हणाली. "आईला उलटी होतेय."

"आत्ता ब्रेक मारला तर सगळं वाया जाईल. पिशवी दे ना त्यांना."

पिशवी शोधेपर्यंत आईला आवरलं नाही. नव्या पांढऱ्या गाऊनवर, उशीवर, सीटवर सगळीकडे झालं. आई ओशाळून रडायला लागली. "माझ्यामुळे घाण झाली गं," एवढंच म्हणत राहिली. सिस्टरने ओढणी काढली, दोन सीटच्या मधून मागे वाकली आणि आईचं तोंड पुसू लागली. तिचे हात कामाला सरावलेले होते, त्या ओकारीचं तिला काही वाटलं नाही. मान वळवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आरशातही बघत नव्हता. त्याची नजर हिरव्या अक्षरांवर होती आणि चेहऱ्यावर समाधान होतं, पोटभर जेवलेल्या माणसाचं. तेव्हा मात्र तिला खरोखर मळमळलं.

चढ लागला. गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली, ट्रक पुढे निघून गेला. अजून चाळीस किलोमीटर जाईल असं काचेत दिसत होतं. पण तो हिशोब सपाट रस्त्याचा होता, आणि चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं.

नवरा खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. "असं व्हायला नको होतं," म्हणाला. मग एका मोटारसायकलवाल्याला हात दाखवून, रिकामी बाटली घेऊन पेट्रोलपंपाकडे गेला. जाताना खिडकीशी आला. सिस्टरला वाटलं, आईला काही विचारेल.

"दार उघडं ठेवू नका," तो म्हणाला. "आतला दिवा लागून बॅटरी उतरते."

तिने चारही दारं सताड उघडली.

आईला रस्त्याकडेच्या झाडाच्या सावलीत आणणं सोपं नव्हतं. काठीवर भार, तिच्या खांद्यावर भार, एकेक पाऊल. बाटलीतल्या पाण्याने तिने आईचे हात धुतले, गाऊन जमेल तेवढा साफ केला. तेवढ्यात पावाची एक व्हॅन थांबली. ड्रायव्हर पन्नाशीचा, जाडजूड माणूस. त्याने काही विचारलं नाही. उघडी गाडी बघितली, म्हातारीची काठी बघितली, वास त्याला आला असणारच.

"कुठे सोडू, ताई?"

तिने सांगितलं. तो म्हणाला, माझ्या वाटेवरच आहे. नंतर तिला कळलं, तसं मुळीच नव्हतं.

व्हॅनमध्ये एसी होता आणि पावाचा वास होता. आई पुढच्या रुंद सीटवर टेकली, डोळे मिटले. थोड्या वेळाने तिने ते उघडले आणि अवघडून ड्रायव्हरला म्हणाली, "बाळा, माझ्या वजनाने तुझी गाडी जास्त पेट्रोल खाणार नाही ना?"

ड्रायव्हरने चमकून सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर खिडकीबाहेर बघत होती.

"नाही आजी," तो म्हणाला. "गाडी माणसं न्यायलाच असते. आज पावाबरोबर तुम्ही."

दिवे लागायच्या सुमारास नवरा घरी आला. आईला आंघोळ घालून झोपवलेलं होतं. त्याच्या शर्टाला पेट्रोलचा आणि त्या बंद गाडीतला, असे दोन्ही वास येत होते. तो रागावला होता, पण फार नाही.

"गाडी उघडी टाकून निघून गेलात? कोणी नेली असती म्हणजे?"

ती चपाती लाटत होती. तिने पुढचा गोळा घेतला.

तो पाणी प्यायला, पेला ठेवला, आणि त्याला राहवलं नाही. "पण एक सांगू का? तुम्ही दोघी उतरल्यावर घरापर्यंत साडेचोवीस पडला. एवढा कधीच पडला नव्हता."

सिस्टरने लाटणं खाली ठेवलं. माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं की काही वाटत नाही, असं ती इतकी वर्षं सांगत आली होती. तिने त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. तो खूश होता. तिलाही आनंद होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"सीट तुम्ही धुवायची," ती म्हणाली. "आणि त्या गाडीत मी आणि आई पुन्हा बसणार नाही."

"मी आता टाकी भरत जाईन ना."

"भरा."

तिने आपलं अंथरूण आईच्या खोलीत नेलं, आईला उठवायला बसवायला कोणी तरी हवंच होतं. आई बरी झाली, काठी सुटली, तरी अंथरूण तिथेच राहिलं. दवाखान्यात जायचं झालं की ती टॅक्सी बोलावते आणि बसल्याबरोबर एसी वाढवायला सांगते. नवऱ्याशी भांडत नाही. जेवायला वाढते, औषध आणून देते, कारखान्यात काय चाललंय ते विचारतेसुद्धा. फक्त तो गाडीचं बोलायला लागला की उठून आत जाते.

सुट्टीच्या दिवशी तो एकटाच गाडी घेऊन बाहेर पडतो. कुठे जायचं नसतं. बाहेरच्या रस्त्याला एक फेरी मारतो आणि परत येतो. मागची सीट त्याने काढून टाकली आहे, तिच्यावरचा डाग काही गेला नव्हता. खाली वॉचमन असतो, त्याला आकडा सांगतो. वॉचमन "वा साहेब" म्हणतो आणि फाटक लावायला जातो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ऐकू येतं. खिडकी लावून घ्यावी तर आत गरम होतं, तेव्हा सिस्टर नळ जोरात सोडते आणि भांडी घासत राहते.