फळ्यावरची लाल वर्तुळं

शाळेत मराठीचा दिवस आला की भाषण माझ्याकडे येतं. पुसदला नोकरी लागली तेव्हापासून हीच रीत. विषयही ठरल्यासारखाच असतो: मोबाइलच्या जमान्यात शुद्ध लिहिण्याची गरज उरली आहे का? मी उभा राहतो, गरज आहे म्हणून सांगतो, पोरांच्या चुकांची दोन-चार मजेदार उदाहरणं देतो, टाळ्या पडतात. यंदा उभा राहिलो आणि बोलताच येईना. घसा बसलाय म्हणालो आणि खाली बसलो. घसा ठणठणीत होता.

तेव्हापासून जागेवर ठरत नव्हतो. वह्या तपासायला घ्यायचो, तशाच ठेवून द्यायचो. अंगणात जायचो, परत आत यायचो. बायको म्हणाली, "काय हरवलं तुमचं?" हरवलेलं काही नव्हतं. एक गोष्ट इतकी वर्षं जवळ बाळगून होतो, ती खाली ठेवायला जागा सापडत नव्हती.

आमचं गाव पुसदहून एस.टी.नं तासाभरावर. वरचं गाव आणि आमची वस्ती, मधून रस्ता. रस्त्याच्या अलीकडे आमचा बुद्धविहार, पलीकडे वरच्या गावातल्या एका घराचं किराणा दुकान. विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. वडिलांच्या पिढीनं तो वंदनेची वेळ लिहायला लावला होता. पुढं माझ्या थोरल्या भावाच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, तो ताब्यात घेतला. वहिनी चौथी शिकलेली. सकाळी अंगण झाडून झालं की ओलं फडकं घेऊन फळ्याशी जायची, कालचं पुसायची आणि नळाची, गाडीची, जी असेल ती आजची खबर लिहायची. लोक जाता-येता तिला सांगत, ती सांगणाऱ्याच्या तोंडचं तसंच्या तसं उतरवायची.

'उद्या नड येनार नाई, आजच भरून घ्या.'

'सोमारी कापसाची गाडी जाईन, ज्याईले जाचं त्याईनं आज सांगा.'

'तांबडी बकरी दिसली त बांधून ठेवा. पाय लंगडा हाये, मारू नका.'

वाचताना कोण बोलतंय ते कळायचं. बकरीवाली कोण हे नाव न लिहिताही साऱ्या गावाला समजायचं.

ती बोंडअळीची वर्षं होती. बोंड उकललं की आत अळी, आणि जो कापूस हाती लागेल त्याला भाव नाही. सरकारी खरेदी आज सुरू, उद्या बंद. खरेदी सुरू असेल त्या दिवशी वस्तीतले आणि वरच्या गावातले मिळून एक टेम्पो करायचे, आणि तो कधी निघणार ते फळ्यावर कळायचं. म्हणून वरच्या गावातले लोकही सकाळी येऊन वाचून जात. किराणा दुकानाचा म्हातारा मालक तर ओट्यावर बसून तो फळा मोठ्यानं वाचायचा, जसा लिहिला असेल तसाच, आणि खो खो हसायचा. वहिनी इकडून त्याला ठेवून द्यायची, "काकाजी, हसून झालं असन तं दोन पोते गाडीत टाका. तुमच्या हसन्यानं गाडी भरत नाई." म्हातारा म्हणायचा, "तुह्या नडाले पानी येऊ दे अगुदर." रोजचंच होतं त्यांचं. दोघांपैकी कोणालाच ते लागत नसे.

लागायचं ते मला.

त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या वडिलांनी दीक्षेनंतर एक गोष्ट घट्ट धरली होती. घरात खायला कमी असलं तरी चालेल, पण पोरांचं लिहिणं चोख पाहिजे. रात्री जेवणाआधी पाटीवर शुद्धलेखन. "आपल्या लिहिन्यात कोनाले खोट काढता नाई आली पायजे," ते म्हणायचे, "ते खोट काढाले टपूनच बसले हायेत." ते खरंच होतं. कॉलेजात माझा निबंध वाचून एक प्राध्यापक म्हणाले होते, हे तू स्वतः लिहिलंस? दोनदा विचारलं. त्या दिवशी मला वडिलांचं म्हणणं पटलं ते आजवर पटलेलंच आहे. मी मराठीचा मास्तर झालो. ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे माझ्या अंगावरचे धुतलेले कपडे होते.

एका रविवारी शाळेतले एक सहकारी आमच्याकडे गावी जेवायला आले. जेवण झालं, वहिनीच्या हातची झणझणीत भाजी त्यांना फार आवडली. बस पकडायला जाताना ते फळ्यापुढं थांबले. वाचलं. मोबाइल काढून फोटो घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या गावाकडे व्याकरणाचा फारसा त्रास नाही, सर."

ही माझी वहिनी लिहिते, आताच तुम्ही तिच्या हातचं जेवलात, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "खेडं आहे, चालायचंच." आणि हसलो.

एरवी मी रविवारी संध्याकाळीच पुसदला परतायचो. त्या दिवशी राहिलो. झोप नीट लागली नाही. सोमवारी उजाडता उजाडता पहिल्या गाडीसाठी निघालो. रस्त्यावर कोणी नव्हतं. शर्टाच्या खिशात शाळेचा लाल खडू होता. कितीदा तरी मनाला सांगून पाहिलं की ती वहिनीला मदत होती, तिनं शिकावं म्हणून केलं. तसं नव्हतं. मी रागात होतो. एकेका शब्दाला लाल वर्तुळ केलं, वर बरोबर शब्द लिहिले, आणि वहीच्या खाली लिहितो तसं खाली लिहिलं: 'पुन्हा लिहा.' हात इतका सवयीचा की वेळही लागला नाही. मग गाडी आली, मी बसलो आणि पुसद येईपर्यंत मला चक्क बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी गावी उतरलो तर भाऊ स्टँडवरच उभा. डोळे चमकत होते. "तुले काही मालूम नाई ना? बह्याडा, तू पायजे होता!"

घरी जाईपर्यंत त्यानं सगळं सांगितलं. सोमवारी सकाळी वहिनी फळ्यापाशी गेली तर सगळा फळा लाल. तिथंच बसली. पोरं जमली. वरच्या गावाचं काम आहे हे, आपल्या बाईची चूक काढायला आले, 'पुन्हा लिहा' म्हणतात, हे कोण आपल्याला पुन्हा लिहायला सांगणारे? आणि रोज हसून वाचणारा होता कोण? समोर ओट्यावर बसलेला म्हातारा. पोरं दुकानात गेली. म्हातारा म्हणाला, मी नाही केलं. कोणी ऐकेना. मग त्याचाच मुलगा गल्ल्यावरून उठला आणि साऱ्यांसमोर बापाला म्हणाला, "रोज हसता तवाच मी म्हनत होतो. केलं असन तं कबूल करा." म्हातारा नाही म्हणत राहिला. शेवटी मुलानंच हाताला धरून त्याला रस्ता ओलांडून विहारापुढं आणलं. म्हाताऱ्यानं वहिनीपुढं हात जोडले.

"वरच्या गावच्या मानसानं," भाऊ म्हणाला, "आपल्या बाईपुढं. बाबा असते तं रडले असते."

मी काय बोलणार? त्या क्षणी बोललो असतो तर चूक एवढीशी होती. पण भावाचा चेहरा बघितला. घरी गेलो तर दोन म्हाताऱ्या बाया वहिनीपाशी बसून तेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या, कसे जोडले, किती खाली वाकला. जन्मभर ज्यांनी स्वतः हात जोडले त्या बाया. हे मी केलं म्हणून सांगायचं म्हणजे त्यांच्या हातातलं ते काढून घ्यायचं, असं मी मनाशी म्हणालो. ते सोयीचं होतं. मी चहा प्यालो.

माफी मिळाली, तरी वहिनीनं खडू हातात घेतला नाही. पोरं म्हणाली, आता तर लिहाच. ती म्हणाली, "चुका तं हायेतच ना माह्या. कोनीबी दाखवो." मग भाऊ मला म्हणाला, तूच लिही रविवारी आला की, तू तर मास्तर. मी लिहिलं: 'उद्या पाणीपुरवठा होणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.' एकही चूक नव्हती. बाया येऊन वाचायच्या आणि आमच्या दारात येऊन वहिनीला विचारायच्या, "मंग उद्या नड येते का नाई वं?" मला कोणी खबर सांगायलाही येत नसे. माझ्यापुढं बोलताना लोक शब्द निवडू लागत, मग सांगायचंच राहून जाई. फळा कोरा पडला. टेम्पोचं जमेना, वरच्यांनी वेगळा केला, वस्तीनं वेगळा, दोन्ही अर्धे रिकामे. म्हातारा ओट्यावर बसायचा बंद झाला. वस्तीतली बरीच गिऱ्हाइकं त्या दुकानात जायची थांबली, काही महिन्यांनी पुन्हा जाऊ लागली.

आता गावाचा मोबाइलवर ग्रुप आहे. सगळे काहीबाही लिहितात, कसंही लिहितात, कोणी कोणाच्या चुका काढत नाही. वहिनीसुद्धा आहे त्यात. ती लिहीत नाही. बोलून पाठवते. पुसदला स्टाफरूममध्ये बसून मी तिचा आवाज कानाला लावून ऐकतो, 'उद्या नड येनार नाई', आणि आसपास कोणी ऐकत तर नाही ना, हे अजूनही बघतो.

भाषण सोडून खाली बसलो त्याच्या पुढच्या रविवारी गावी गेलो. भाऊ शेतात होता. वहिनी मागच्या अंगणात कापसाची वाळलेली पऱ्हाटी तोडून चुलीजोगी करत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सहकाऱ्याचा फोटो, खडू, सगळं. तिनं कोयता खाली ठेवला.

"एक डाव माह्या मनात आलतं," ती म्हणाली. "तुमी सोमारी पहाटंच गेलते. मंग मीच मले म्हनलं, घरच्या मानसावर असा इचार करतं, लाज नाई वाटत तुले?"

मी म्हणालो, "वयनी, माझं चुकलं."

"चुका काढल्या त्याचं मले काही नाई, भाऊजी. चुका होत्याच. सांगतल्या असत्या घरात बसून तं म्या शिकली असती. तुमी कधी बसलेच नाई." मग म्हणाली, "त्या मानसानं हात जोडले तवा मी तिथी उभी होती. मले बरं वाटलं होतं. लई बरं वाटलं होतं. रात्री झोपताना आठवलं तरी बरं वाटे. ते आता मी कुठं नेऊ?"

तिनं कोयता पुन्हा उचलला.

"इथं काहून उभे हायेत?" ती म्हणाली. "मले सांगून काय होते? तिकडे जा."

रस्ता ओलांडायचा होता फक्त. मी विहारापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. दुकानात मुलगा साखर मोजत होता. तो माझ्याच वयाचा, शाळेत एका बाकावर होतो आम्ही. आमच्या वस्तीतल्या दोन बाया गिऱ्हाईक म्हणून उभ्या होत्या. मी म्हणालो, "काकाजींना भेटायचं होतं."

त्यानं जरा चमकून बघितलं. "आत हायेत. पन मास्तर, त्याईले आयकू येत नाई आता. मोठ्यानं बोला लागते."

म्हातारा आतल्या खोलीत बाजेवर भिंतीला टेकून बसला होता. मी जवळ बसलो आणि हळू आवाजात सांगितलं. त्यानं हात कानामागं धरला. "काय म्हनतं?"

मी पुन्हा सांगितलं. बाहेर बाया बोलत होत्या, त्यांचा आवाज येत होता. माझाही त्यांना जात असणार.

"जोरानं बोल ना, बापू. मास्तर हायेस ना तू?"

आयुष्यभर मी आवाज चढवला तो फक्त वर्गात. मी म्हणालो, "फळ्यावर लाल खडूनं मी लिहिलं होतं. तुम्ही नाही. मी. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

बाहेरचं बोलणं थांबलं.

म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त मान हलवली, एखादा उशिरा आलेला पाहुणा पाहून हलवावी तशी.

"मले कायले सांगतं?" तो म्हणाला. "म्या केलं नाई हे मले तं ठाऊकच होतं." मग त्यानं दाराकडे बोट केलं. "त्याले सांग. त्याले वाटते मी खोटा बोललो. तवापासून तो माह्याशी कामापुरतंच बोलते."

मी उठलो. दारात आलो. मुलाच्या हातात साखरेची पुडी होती, दोरा अर्धा गुंडाळलेला. दोन्ही बाया माझ्याकडे बघत होत्या, त्यातली एक त्या दिवशी वहिनीपाशी बसलेली होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, मघाइतक्याच मोठ्यानं.