फळीखालचं गवत

"टाकीत औषध कमी पडलं, एवढं कबूल कर ना, ओटिस!"

"कमी? मी मापानं ओतलं. तू शेजारीच उभा होतास की!"

"मी फोनवर होतो."

"मग क्लबच्या समितीपुढे छातीठोक कसं सांगितलंस, ओटिसनं पाणी जास्त घातलं म्हणून? बारमधली पोरंसुद्धा आता मला 'पाणीवाला' म्हणतात, मर्ल. सोळा वर्षं फवारतोय मी इथे!"

गवत कापायच्या यंत्रांच्या शेडमध्ये मी पाती धूत होते. नळ बंद केला, पण मान वर केली नाही. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या या गोल्फ क्लबात मर्ल स्टाउट मैदानाचा मुख्य. झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर तो बूट काढून, मोज्यांवर चालायचा. पायाला कळतं म्हणायचा. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लोक त्याच्या गवताचं कौतुक करायचे आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. ते लाल होणं त्याला फार आवडायचं.

यंदा जूनमध्ये त्याच हिरवळीवर वाळके ठिपके उठले. जुन्या चांदीच्या डॉलरएवढे. म्हणून बुरशीच्या या रोगाचं नावच डॉलर स्पॉट. फवारलं, तरी वाढले. समितीनं जाब विचारला आणि मर्लच्या तोंडून पहिलं नाव निघालं ते ओटिसचं.

"फळी टाक," ओटिस म्हणाला. "औषध तू कालव, फवार तू. मी हात लावत नाही."

फवारताना हिरवळीच्या एका कोपऱ्यावर प्लायवुडची फळी ठेवायची, म्हणजे तेवढा तुकडा औषधाविना राहतो. औषध चाललं, तर फळीखाली ठिपके आणि बाहेर हिरवंगार. बाकीचे क्लब हे दरवर्षी करतात. मर्लनं कधी केलं नाही. "सभासद तो डागाळलेला तुकडा बघून नाकं मुरडतात," म्हणायचा.

या वेळी मात्र त्यानं फळी टाकली, त्याच औषधाचा नवा डबा फोडला, स्वतः कालवलं, स्वतः फवारलं. मग फळी उचलून तिच्या जागेच्या चार कोपऱ्यांना चुन्याच्या खुणा केल्या.

आठवड्यानं आम्ही तिघं बघायला गेलो. चुन्याच्या आत ठिपके. बाहेरही तितकेच. खुणा नसत्या तर फळी कुठे होती ते सांगता आलं नसतं.

मर्ल गुडघ्यांवर बसला. बराच वेळ गवतावरून हात फिरवत राहिला.

"बुरशीला सवय झालीय," अखेर तो म्हणाला. "मरणाऱ्या मेल्या. ज्यांच्यावर हे औषध चालत नाही, त्याच उरल्या, वाढल्या. दरवर्षी तेच औषध मारून मीच पोसल्या." मग माझ्याकडे न बघता, "मैदानवाल्यांच्या हिवाळ्यातल्या सभेत ती शेतकी कॉलेजची बाई घसा फोडून सांगत होती, औषधं आलटून पालटून मारा. मी मागच्या बाकावर डोनट खात हसत होतो. म्हटलं, चालतंय ते कशाला बदलायचं?"

ओटिस टोमणा मारेल असं मला वाटलं. तो नुसता टोपी फिरवत उभा राहिला. ते बघून मर्ल शरमेनं आणखीच खाली वाकला.

त्याच दुपारी मर्ल समितीच्या जेवणाच्या बैठकीला गेला. संध्याकाळी शेडमध्ये आला तेव्हा टाय अजून गळ्यात होता.

"सांगितलं त्यांना," तो ओटिसला म्हणाला. "चूक माझी, तुझं माप बरोबर होतं. स्पष्ट सांगितलं."

"काय म्हणाले?"

मर्ल टायच्या गाठीशी चाळा करू लागला. "समितीतला प्रेंटिस म्हणाला, बरं बरं, पण तो पाणीवाला यापुढे नीट लक्ष देईल ना? सगळे हसले."

"आणि तू?"

"मी पुन्हा सांगायला गेलो... तोवर सूप आलं होतं."

"म्हणजे गप्प बसलास."

मर्लनं टाय सोडला आणि मुठीत चुरगाळला. "ओटिस, मला लाज वाटते रे. खरंच वाटते. सोमवारी दुसऱ्या जातीचं औषध येतंय. तुझ्याशिवाय कुणाच्या हाती देऊ? येशील ना?"

ओटिसनं रबरी हातमोजे काढले, आकड्याला अडकवले, जेवणाचा डबा उचलला आणि मर्लच्या बाजूनं दाराबाहेर निघून गेला.