वहिनींची कॅनडाला पत्रे

अंतराळात बाळंतपण कसे करू नये, याविषयी माझ्या थोरल्या वहिनींइतका अधिकार साऱ्या शहापूर तालुक्यात कुणाला नाही, आणि कॅनडातही नसावा. वहिनींची उभी नोकरी खर्डीकडच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून गेली. त्यांची भाची कॅनडात असते. तिकडे विज्ञानकथांच्या चाहत्यांचे एक मंडळ आहे. मंडळी हौसेने कथा लिहितात, स्वतःच छापतात, पिना मारून अंक काढतात. भाचीने तो वहिनींना धाडायला सुरुवात केली. मी निवृत्त इंग्रजी शिक्षक, तेव्हा रविवारी खर्डीला जाऊन तो मराठीत वाचून दाखवायचे आणि वहिनींची मते इंग्रजीत कळवायचे काम मीच मागून घेतले.

वहिनी तांदूळ निवडत ऐकत. एका कथेत यानात बाई अडलेली आणि भोवती चार शास्त्रज्ञ न् एक यंत्रमानव. वहिनींनी सूप खाली ठेवले. "एक पण बाईमाणूस नाय? लिवा भावजी, या लेखकाला घरात कोणी पाणी तरी विचारतं का?"

मी लिहिले, 'आपली कथा अत्यंत हृद्य वाटली.' परदेशात घराण्याची शोभा नको, एवढाच हेतू. परग्रहावरच्या राजाला त्या आळशी म्हणाल्या, मी 'चिंतनशील' लिहिले.

शेवटी संपादकांचेच पत्र आले: 'आपली पत्रे फार गोड असतात. एकदा खरे मतही कळवा.' ते मलाच वाचून दाखवावे लागले. वहिनींनी सूप बाजूला सारले. मग म्हणाल्या, "मी एवढं सुनावते, ते जातं कुठं?"

मी खाली मान घालून सगळे कबूल केले. त्या रागावल्या नाहीत. फक्त पुढचे पत्र मराठीत लिहून थेट भाचीला पाठवले; तिने ते शब्दशः इंग्रजीत करून मंडळाला दिले. त्याच वर्षी मंडळाने उत्तम वाचकपत्राचा पुरस्कार वहिनींना दिला. मानपत्र आले तेव्हा त्यांनी ते माझ्यापुढे धरले. "वाचा. हाय तसंच वाचा." 'निर्भीड' हा शब्द मी या वेळी 'निर्भीड'च वाचला.

आता भाचीच फोनवर कथा वाचून दाखवते. माझे रविवार मोकळे आहेत. परवा न राहवून मी मंडळाला माझे स्वतःचे पत्र लिहिले, मराठीत, चार पाने, आणि वहिनींकडे तपासायला नेले. त्यांनी चष्मा लावून एकेक गोड वाक्य शांतपणे खोडले. शेवटी दोनच ओळी उरल्या: 'अंक वाचतो. वहिनींना वाचून दाखवायचो तेव्हा जास्त आवडायचा.'

"हे खरं हाय," त्या म्हणाल्या, आणि पाकीट शोधायला उठल्या.