अडीच हात, चार बोटं

माझ्या लग्नाचं वऱ्हाड सर्वांत आधी ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलं.

लोक म्हणतात, असं होत नसतं. आमच्या घराला ओळखणारे मात्र असं म्हणत नाहीत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कुरुंद्यात आमच्या घरच्या दोन गोष्टी नावाजलेल्या होत्या, शेतातली हळद आणि दारातला ट्रक. हळद रंगासाठी, ट्रक आवाजासाठी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो सेकंडहँड घेतला होता. (असं आबा म्हणत. माझ्या अंदाजाने आमच्याकडे येण्याआधी त्याने बरीच घरं पाहिली होती.) बॉडी एका गाडीची, इंजिन दुसऱ्या गाडीचं, आणि पंख्याची पुली कुठली हे त्या पुलीलाच ठाऊक. त्यामुळे दुकानात जाऊन गाडीचं मॉडेल सांगण्यात काही अर्थच नसायचा. तो ट्रक मीच चालवायचो आणि मीच दुरुस्त करायचो. गावात मला मिस्त्री म्हणत. घरात काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझी सोयरीक सेनगावकडच्या एका गावात ठरली. सासरे शाळेत गुरुजी. शाळेची घंटा त्यांच्या घड्याळावर वाजायची, आणि गाव आपली घड्याळं त्या घंटेवर लावायचं. मुलगी द्यायला त्यांनी फार आढेवेढे घेतले. मला नखशिखान्त न्याहाळून ते आबांना म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पन गाडीवाल्याच्या येळेचा भरवसा न्हाई. आमच्याकडं लगीन घड्याळावर लागतं. मुहूर्त चुकला, की माझी पोरगी माझ्या घरी अन् तुमचं पोरगं तुमच्या."

आबांनी छातीला हात लावला. "गुरुजी, मुहूर्ताच्या आधी वऱ्हाड तुमच्या दारात. घरचा ट्रक हाय."

मुलगी मला मनापासून आवडली होती. म्हणून मीही मान हलवली, आणि जरा जास्तच हलवली.

पत्रिकेत दुपारचा मुहूर्त होता. मला हळद लागली आणि मी आत्याच्या ताब्यात गेलो. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, घरातल्या प्रत्येक लग्नाची मुखत्यार. तिचे नियम कोणत्या शास्त्रातले होते हे शास्त्राला विचारूनही कळलं नसतं. हळद लागलेल्या नवरदेवाने वऱ्हाड निघेपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही. लग्नघरात दोरी म्हणून कापायची नाही. आणि टोकाला लिंबू खोचलेली कट्यार उजव्या हातातून क्षणभरही खाली ठेवायची नाही. (अंघोळीलाही नाही. मी विचारलं होतं.)

तर लग्नाच्या सकाळी मी डाव्या हाताने अंघोळ केली, डाव्या हाताने ट्रकला हार घातला आणि डाव्याच हाताने इंजिन सुरू केलं. बॉनेटखाली फाडकन आवाज झाला. वाजंत्र्यांना वाटलं, वऱ्हाड निघालं. त्यांनी सनई धरली.

पंख्याचा पट्टा तुटला होता. नुसता तुटला असता तर तो नेऊन तसाच दुसरा आणता आला असता, पण त्याच्या चिंध्या झाल्या होत्या आणि त्यातली सगळ्यात मोठी चिंधी वीतभर होती. पट्टा नाही म्हणजे पंखा नाही, पाण्याचा पंप नाही. वसमत येण्याआधीच इंजिन उकळलं असतं.

"मापाला सुतळी द्या," मी म्हणालो.

"सगळी मांडवाला बांधलेली हाय," आत्या म्हणाली, "अन् कापायची न्हाई."

"हातानं मोज की," आबा म्हणाले. "आमी आख्खा मळा हातानं मोजला."

मी डाव्या हाताने बॉनेट पेललं, खाली वाकलो, कोपर पुलीला टेकवलं आणि टोक कुठे आलं ते नजरेत धरत पुल्यांना पूर्ण वळसा घातला. "अडीच हात, चार बोटं," मी जाहीर केलं. लगेच मामा मोटारसायकलवर टांग टाकून वारंगा फाट्याला रवाना झाले. जिल्ह्यातल्या निम्म्या ट्रकांचे आजार त्या फाट्यावरच्या दुकानांत बरे होतात.

मामा पट्टा गळ्यात घालून, विजयी मुद्रेने परत आले. पट्टा एका पुलीवर बसला आणि दुसरीपर्यंत पोचेचना.

"तिथं कोनाच्या हातानं मोजला?" काकांनी विचारलं.

"कोनाच्या म्हंजे? माझ्या."

काका हसायला लागले. मामा आमचे ठेंगणे आणि गोल. "आवं, तुमच्या आडीच हातात तुमचा सदरा बी व्हत न्हाई. हे काम उंच मानसाचं हाय." काका खरोखरच उंच होते, दारातून येताना वाकून येत. ते गेले, त्यांच्या लांब हाताने अडीच हात चार बोटं मोजून घेऊन आले. हा पट्टा मामांच्या पट्ट्यापेक्षा पुढे गेला, पण दुसऱ्या पुलीपासून चांगला वीतभर अलीकडे थांबला.

आबांनी मामांना, काकांना आणि मला ओळीने बसवून तिघांचे हात शेजारी शेजारी धरले. काकांचा हात माझ्यापेक्षा सरळ तीन बोटं मोठा.

"माझा हात मोठा, तरी पट्टा ल्हान," काका म्हणाले. "ह्यो काय हिशेब हाय?"

वऱ्हाडी एकेक करून आपापले हात मोजून बघायला लागले. कोणी म्हणालं, थंडीने रबर आखडलं असेल. (मे महिना होता.) ऊन चढत चाललं होतं, आणि मला गुरुजींच्या मनगटावरचं घड्याळ कुरुंद्यात बसून दिसत होतं. मुलगी हातची जाते या विचाराने मी तुटलेल्या पट्ट्याच्या चिंध्या जोडून बघायला लागलो.

शेवटी आबा म्हणाले, "माप ह्याच्या हाताचं हाय. तर हातच न्यावा लागंल."

हात माझ्या अंगाला होता आणि अंगाला हळद. आत्या दारात आडवी झाली. "वऱ्हाड निघाल्याबिगर नवरदेव शीव ओलांडणार न्हाई."

"मग वऱ्हाड निघू द्या," आबा म्हणाले.

यावर आत्याजवळ नियम नव्हता. फाट्याला जाणारी एक प्रवासी जीप थांबवली आणि तिच्यात मावेल तेवढं वऱ्हाड कोंबलं. बाशिंग बांधलेला मी, कलश घेतलेली करवली, आत्या, मामा, काका, एक सनईवाला आणि मागे लटकलेला हलगीवाला. आत्याने माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आम्ही विधिवत पट्टा आणायला निघालो.

फाट्यावर हलगी वाजताच चहाच्या टपऱ्या रिकाम्या झाल्या. एका म्हातारीने करवलीला विचारलं, "नवरी कुठली वं बाई?" करवली दुकानाकडे बोट दाखवून म्हणाली, "अजून पसंत व्हायची हाय."

दुकानदार चाचांनी मामांना ओळखलं, मग काकांना ओळखलं, मग मला पाहून गादीवरून उठले. "या नवरदेव. आता तुमच्या हातानं मोजायचं का?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग घरी जसं मोजलं, बराबर तसंच मोजून दाखवा."

मी बाह्या सरसावल्या, कोपर काउंटरवर टेकवलं आणि ऐटीत हात पुढे केला. चाचा बघत राहिले. मामा, काका बघत राहिले. हलगी थांबली. माझा हात कोपरापासून निघून मुठीपर्यंत आला होता, मुठीपासून कट्यार सुरू झाली होती, आणि माझ्या हिशेबाने तो हात लिंबाच्या टोकाला संपत होता.

"लिंबू धरून मोजलं का?" चाचांनी अदबीने विचारलं.

मी आठवून बघितलं. "धरून," मी म्हणालो.

काकांनी कपाळावर हात मारला. गर्दीतला एक ड्रायव्हर हसून हसून आपल्याच गाडीच्या टायरवर बसला. फक्त आत्या समाधानी होती. "पोरानं कट्यार सोडली न्हाई," ती सगळ्यांना सांगत होती. चाचांनी लिंबासकट अडीच हात मोजले, चार बोटं मोजली आणि वरच्या खुंटीवरचा पट्टा काढून दिला.

कुरुंद्यात परत येऊन तो चढवला, आणि तो बसला. मी बाशिंग मागे सारून ट्रकखाली शिरलो, बोल्ट आवळले आणि बाहेर आलो तेव्हा कोपरापर्यंत हळदीवर वंगण चढलं होतं. आत्याने पुसायला घेतलं आणि ते गालांपर्यंत नेलं. उरलेलं वऱ्हाड ट्रकमध्ये चढलं. मीच चालवायला बसलो, कारण दुसरं कोणी त्या गाडीचा गिअर टाकू शकत नव्हतं. हिंगोलीच्या रस्त्यातच पत्रिकेतला मुहूर्त टळला. आबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि मी डोळे पुसले. वंगण डोळ्यात गेलं म्हणून पुसले असं त्यांना सांगितलं, पण ते खरं नव्हतं.

गुरुजींच्या दारात ट्रक थांबला तेव्हा मांडवात सामसूम होती. ना वाजंत्री, ना पंगत. आबा टोपी हातात घेऊन उतरले आणि गुरुजींपुढे जाऊन उभे राहिले.

"गुरुजी, उशीर झाला. चुकी आमची हाय. पोरगी देनं न देनं आता तुमच्या हातात."

गुरुजींनी मनगटावर नजर टाकली. "काहून? येळेवर तर आलात."

"अन् मुहूर्त?"

"गोरजचा हाय. भटजीला मी तोच सांगितलेला." मग त्यांनी मला नीट पाहिलं, गालांवरचं वंगण, बाशिंगात अडकलेला स्पॅनर, सगळं. "तुमच्याकडच्या पत्रिकेत मुद्दाम दुपारचा छापला. गाडीवाल्याचं वऱ्हाड येनार म्हणून. चला, हातपाय धुवा. नवरदेवाला जरा जास्त पानी द्या."

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून तीन पट्टे, तीन हात आणि एक लिंबू मोजलं, आणि बरोबर माप एकाच माणसाने, गुरुजींनी, घेतलं होतं. ते माझं होतं, आणि सोयरीक ठरली त्याच दिवशी, नुसतं बघून घेतलेलं.