न लावलेलं नाक

एझराकाका नव्या नटाला नाव विचारत नसत. दोन बोटांनी त्याची हनुवटी धरायची, चेहरा खिडकीकडे वळवायचा आणि बराच वेळ नुसतं बघायचं. मला असं धरलं तेव्हा मी खुर्चीत चुळबुळ करत होतो. "मुंगळा चावला काय रे तुला? गप बस. आधी तोंड बघू दे, मग रंगवतो." पनवेलच्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे ते रंगभूषाकार. डेपोतली नोकरी संपली तरी रंगाची पेटी सुटली नाही. मला आजही एका जागी बसवत नाही. बसवून ठेवलं ते एकट्या काकांनी.

काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे, आडनावात गावाचं नाव आणि शेवटी 'कर'. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवार हा त्यांचा धर्माने ठरवलेला विसाव्याचा वार, तारे दिसेपर्यंत ते पेटीला हात लावत नसत, म्हणून तालमीही आम्ही त्यांच्या सोयीने ठेवायचो. प्रयोग पार पडला की त्यांच्या घरी मलिद्याचं बोलावणं ठरलेलं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, भोवती फळं, आणि आधी काकांची लांबलचक प्रार्थना. आम्ही तो मलिदा मागून मागून खायचो.

मग सुहासचं नाटक आलं. सुहास आमचा दिग्दर्शक, राहायला विचुंब्याला, हुशार आणि तेवढाच हट्टी. युरोपातल्या एका जुन्या शहरातली गोष्ट त्याने स्पर्धेसाठी लिहिली होती. तिच्यातला लोभी सावकार ज्यू होता आणि ते काम माझ्या वाट्याला आलं. रंगभूषेच्या चाचणीला सुहासने पिशवीतून एक रबरी नाक काढलं, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं.

"काका, ह्याला टिपिकल ज्यू करा. पाठीला पोक, हे नाक. लोकांना बघताक्षणी कळलं पाहिजे."

आम्ही सगळे तिथेच होतो. कुणालाही काही खटकलं नाही. आमच्या डोक्यातला ज्यू लांब कुठेतरी परदेशात राहत होता. एझराकाका तर आपले काका होते.

"टिपिकल म्हंजे कसा?" काकांनी विचारलं.

"आता तुम्हाला काय सांगायचं!" सुहास हसला.

काकांनी नाक बाजूला ठेवलं आणि माझ्या चेहऱ्यावर काम सुरू केलं. शेवटी त्यांनी आरसा पुढे धरला. विरळ पांढऱ्या मिशा, कपाळाच्या आठ्या, गालावरचा तीळसुद्धा. आरशात एझराकाका बसले होते.

"घे तुझा ज्यू," ते सुहासला म्हणाले. "आरशात जन्मभर हाच बघत आलोय. दुसरा मला येत नाय."

सुहास वरमला, पण हटला नाही. "काका, मनाला लावून घेऊ नका. तुमची गोष्ट वेगळी. आणि तुमच्या लोकांबद्दल आम्हाला उलट आदरच आहे. केवढी डोकेबाज माणसं! जगातला पैसा तुमच्या हातात."

"माझ्या हातात कोल्डक्रीमचा डबा हाय, तो पण संपत आलाय." कुणीतरी खुदकन हसलं. काका हसले नाहीत. "ह्याला तू मान म्हणतोस? हे तेच नाक हाय, वरून सोन्याचा मुलामा दिलास. सावकार लोभी हाय ना? मग लोभ दाखव. तो कुणाच्या पण तोंडावर येतो. पण नाक लावणार असशील तर आमी चाललो घरी." आणि पेटी उचलून ते खरोखरच गेले.

पुढचे दिवस मी घरात नुसत्या येरझारा घातल्या. वाक्यं पाठ होती, पण पोक काढून हात चोळायला लागलो की जीभ अडखळायची. सुहासने दुसरा रंगभूषाकार ठरवला. मला भीती वाटत होती ती स्पर्धेची नव्हती. ते नाक लावून मी रंगमंचावर गेलो, तर काकांच्या दारात पुन्हा कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो?

प्रयोग शनिवारी होता. मेकअपच्या खुर्चीत बसताच मी सांगून टाकलं, "मी नाक लावणार नाही. पोकही काढणार नाही."

"स्पर्धा बुडवायची आहे का तुला?" सुहास कडाडला.

"बुडू दे."

तो पाय आपटत बाहेर गेला. मी कोऱ्या चेहऱ्याने तसाच बसून राहिलो. काकांना फोन करून उपयोग नव्हता, शनिवारी ते उचलत नसत. पण अंधार पडल्यावर दार ढकलून तेच आत आले. नाटक बघायला आले होते. रुसवा बाजूला ठेवून, केवळ माझं काम आहे म्हणून.

"नाक?" त्यांनी विचारलं.

"नाही लावलं."

काकांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग ते दुसऱ्या रंगभूषाकाराच्या पेटीत हात घालत म्हणाले, "बस. आणि चुळबुळ नको."

बक्षीस काही मिळालं नाही, पण सावकाराचा लोकांना मनापासून राग आला. काकांकडच्या मलिद्याला सुहास सगळ्यांच्या शेवटी आला. "काका, मला दिसलंच नाही हो," तो कसाबसा म्हणाला.

"दिसतं रे. बघायचं राहून जातं. पोहे घे."

पुढच्या प्रयोगापासून सुहासने सावकाराचा धर्म संहितेतून काढून टाकला. नाटकाचं त्यावाचून काहीही अडलं नाही.

काका गेल्या वर्षी गेले. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर श्रद्धांजल्या येत होत्या, हात जोडलेले, फुलं वाहिलेली. संध्याकाळी त्यांच्याच खाली एक चित्र येऊन पडलं. वाकड्या नाकाचा एक माणूस, छातीवर 'ज्यू' लिहिलेलं, बोटांना दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांना पृथ्वी लोंबकळतेय, आणि वर हसण्याच्या खुणा. पाठवणारा आमचाच नट होता, काकांच्या हातून कितीदा रंगलेला. मी लिहायचो, खोडायचो, उठून खोलीत फिरायचो. तेवढ्यात सुहासने लिहिलं, "हे काढ."

"अरे, हे काकांबद्दल थोडंच आहे?" त्या नटाचं उत्तर आलं.

सुहासने लिहिलं, "काकांबद्दलच आहे."