मधल्या खिडकीवरचं फूल

मलकापुरात स्टेशनाकडे जाताना एका आडत्याचं दुमजली दुकान लागतं. दर्शनी भिंतीवर, दोन मजल्यांच्या मधोमध, चुन्याचा उठावदार पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलाय आणि प्रत्येक खिडकीवर त्यात एकेक फूल आहे. लोक म्हणतात, मुंबईचा नमुना. मुंबई कसली! तो नमुना माझ्यामुळे झाला.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. आमचे हे गवंडी, आणि स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं त्यांचं हे पहिलंच काम. असा पट्टा एका दमात ओढावा लागतो. ओल्या चुन्यावर लाकडी फर्मा दाबून धरायचा आणि सरकत जायचं. मध्ये थांबलं की चुना घट्ट होतो, सांधा दिसतो, आणि मिस्त्रीची अब्रू जाते. मी खाली चुना कालवून देत होते. दिवस भरले होते, पण घरी बसणं माझ्या स्वभावातच नाही.

निम्मा पट्टा झाला आणि कळा सुरू झाल्या. मी ओठ घट्ट मिटले. सोबतच्या बाईलाही दटावलं, "सांगशीन तं पाह्य!" पण चुन्याचं घमेलं वर गेलं नाही म्हणून त्यांनी खाली पाहिलं. फर्मा तिथेच टाकून ते परांचीवरून उतरले.

"काऊन बोलली नाही?"

"पट्टा जाईन नं तुमचा."

"जाऊ दे पट्टा!"

दिवेलागणीला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मधल्या खिडकीवर सांधा ढळढळीत दिसत होता. त्यांनी त्यावर चुन्याचं फूल बसवलं, आणि ते एकटं दिसू नये म्हणून बाकीच्या खिडक्यांवरही बसवली. आडत्या खूश झाला. मी मात्र नाही. त्यांचं पहिलं काम मी नासवलं, हे माझ्या मनातून जाता जाईना.

पुढे मेहकरात काम निघालं, तेव्हा मुलगी रांगत होती. फर्मा ओढत ते मधल्या खिडकीपर्यंत आले आणि थांबले. सावकाश खाली उतरले, हात धुतले, मुलीला उचलून घेतलं.

मी ओरडलेच, "अहो, चुना सुकून राह्यला! काऊन थांबले?"

"माह्या पट्ट्यात सांधा इथंच येते," ते म्हणाले. "पोरगी इथंच भेटली मले."

मला रडू फुटलं. त्यानंतर त्यांनी एकही पट्टा एका दमात ओढला नाही.