तात्यांच्या गाडीतला तांब्या

तात्यांच्या अँब्युलन्समध्ये ड्रायव्हरच्या सीटशेजारी कायम एक तांब्या असायचा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. "मानूस तहानेला जाऊ ने," एवढंच त्यांचं म्हणणं. बारामती-इंदापूर पट्ट्यात वीसेक वर्षं गाडी चालवताना कितीतरी जणांच्या तोंडात त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी घातलं होतं.

मी त्यांना भेटले ती शिकवायला. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही नर्सिंगची, आणि त्याचा मला अभिमान आहे. अँब्युलन्सवाल्यांसाठी बारामतीत तीन दिवसांचा कोर्स होता. पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिलं : बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

मागच्या बाकावरून तात्या म्हणाले, "सिस्टर, मग आजवर ज्यास्नी म्या पाजलं, त्यांचं काय?"

"त्यातल्या काहींना घातक ठरलं असेल," मी सांगून टाकलं. खरं ते तोंडावर सांगायचं, ही माझी सवय.

 छाती दाबायच्या सरावात तात्या बाहुलीवर असा जोर लावायचे, की शेजारचा म्हणाला, "तात्या, दमानं! चरकात घातलाय का ऊस?" शेवटच्या चाचणीत त्यांचा पेपर जवळजवळ कोराच निघाला.

वीस वर्षांची सवय तीन दिवसांत सुटते का? मला खरंच बघायचं होतं. सहा महिन्यांनी परवानगी काढून मी तात्यांच्या गाडीत बसले. बघते तर तांब्या जागच्या जागी! म्हटलं, झालं, तीन दिवस फुकट.

कॉल आला कन्हेरीचा. टोमॅटोच्या सरीत एक आबा बेशुद्ध पडले होते. श्वास चालू होता, पण घरघरत. त्यांची बायको ओंजळीतलं पाणी त्यांच्या तोंडाशी नेत होती आणि भोवतीची माणसं म्हणत होती, "पाजा, पाजा!" आपल्याकडं अशा वेळी पाणी नको म्हणणारा वैरीच ठरतो. मी ओरडणार, तेवढ्यात तात्यांनी तांब्या त्या म्हातारीच्या हातात दिला.

"आक्का, हितं बसा. आधी तुमी प्या."

"अवो, त्यास्नी द्या की!"

"त्यास्नी म्या बघतो. तुमीबी पडला तर मला दोन खेपा व्हत्याल. प्या."

ती प्यायली. तोवर तात्यांनी आबांना कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ काढली, मान नीट ठेवली. आबांची साखर फार कमी झाली होती. दवाखान्यात शुद्धीवर आले.

परतताना मी म्हटलं, "तांब्याचं हे मी शिकवलं नव्हतं."

"पाजू नगा, एवढं तुमी शिकवलं. पानी घिऊन पळत आलेल्या बाईचं काय करायचं, ते न्हाय शिकवलं." थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "त्या दिसापास्नं एकेकाचं तोंड आठवतंय, सिस्टर."



तात्या गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मी तांब्या मागितला, तर म्हणाले, "त्यो गाडीचा हाय, माजा न्हाय," आणि नव्या ड्रायव्हरच्या हाती देऊन चालायला लागले.

मग मीच एक विकत घेतला. आता कोर्सच्या पहिल्या तासाला तो भरून टेबलावर ठेवते. पाण्याचा नियम सांगितला, की मागच्या बाकावरचा कुणीतरी जुना ड्रायव्हर तात्यांचाच प्रश्न विचारतो. उत्तर मी आजही खरंच देते. फक्त त्याआधी तांब्या घेऊन त्याच्या बाकापर्यंत जाते.